आश्रुबाची मरळ

“लाल मासा काय, सोनेरी मासा काय! आपल्या ओढ्यात त्याच्या वरताण माल पडून हाय! फक्त बगणारा पाहिजे!”

झरीच्या स्टँडवर किशनरावचं चहाचं हॉटेल होतं. तिथल्या बाकड्यावर मांडी घालून आश्रुबानं ही घोषणा केली. साल असेल सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचं. श्रावण लागला होता आणि ओढा खळाळत होता.

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते साखर कारखान्यावर. दरवर्षी दिवाळी झाली की आश्रुबा आणि त्याची बायको छबूबाई ऊस तोडायला जायची. तिथल्या एका साहेबाच्या बंगल्याच्या व्हरांड्यात काचेची पेटी होती, तिच्यात रंगीत मासे. पाण्याची घागर घेऊन जाता-येता छबूबाई त्या व्हरांड्यात थबकायची. तिच्या तोंडावर असं काही समाधान पसरायचं, की आश्रुबाला वाटायचं, लग्न झाल्यापासून आपल्याकडं बघून हिचं तोंड असं एकदाही झालं नाही!

आता छबूबाई पंचमीसाठी चारठाण्याला माहेरी गेली होती. पंचमीच्याच दिवशी संध्याकाळच्या एसटीनं परत येणार होती. तोवर घरात अशीच पेटी तयार करायची आणि बायकोला चकित करायचं, असा आश्रुबाचा बेत!

किशनरावकडं शेव-चिवडा ठेवायचं जुनं काचेचं कपाट धूळ खात पडलं होतं. आश्रुबानं ते उचलून घरी आणलं, आडवं केलं, सांध्यांना डांबर फासलं आणि पाणी भरलं. पाण्यावर चिवड्याच्या तेलाचा तवंग आला आणि एका कोपऱ्यातून थेंब-थेंब गळायलाही लागलं. पण उभं राहिलं बुवा!

मग आश्रुबा ओढ्यात उतरला. चाळीस वर्षं तो या ओढ्यात अंघोळ करत आला होता, बैल धूत आला होता. पण दगड उचलून खाली कोण राहतं, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं आणि गडी हरखून गेला! एका दगडाखाली काचेसारखे आरपार दिसणारे झिंगे. दुसऱ्याखाली खेकडा, त्यानं लगेच आश्रुबाचं बोट धरून ओळख करून घेतली. उथळ पाण्यात चांदीच्या टिकल्यांसारखी बारकी मासोळी. आणि गवताच्या बुडाशी, ऐटीत, हातभर लांबीची एक मरळ! काळपट अंग, चपटं डोकं, शेंदरी डोळे. बघणं असं, की जणू ओढ्याचा सातबारा तिच्याच नावावर हाय!

“चल बाई, तुला काचेच्या बंगल्यात ठिवतो,” आश्रुबा म्हणाला आणि धोतराची झोळी करून सगळं बिऱ्हाड घरी घेऊन आला.

पंचमीच्या सकाळी उठून बघतो तर पेटीत एकटी मरळ! मासोळी गायब, झिंगे गायब. खेकडा तेवढा शहाणा. तो आधीच घर सोडून गेला होता. मरळीचं पोट मात्र तट्ट फुगलेलं.

“अगं, ते बघायला आणले व्हते! खायला न्हाई!” आश्रुबा कळवळला.

मरळ वर आली, पुक् करून हवेचा घोट घेतला आणि पुन्हा खाली गेली. म्हणजे ढेकरच दिला म्हणा ना! आश्रुबाला राग यायच्या ऐवजी तिचं कौतुकच वाटलं. दुपारी तो नवी मासोळी आणायला परत ओढ्यावर गेला. पेटीवर काही झाकायला हवं, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.

मरळीला काय, ओली जमीन असली की झालं! तिनं उडी मारली, न्हाणीच्या मोरीतून सरपटत थेट गल्लीत आली. आणि नेमकी त्याच वेळी शेजारची झुंबरबाई नवं लुगडं नेसून, दुधाची वाटी घेऊन वारुळाकडं निघालेली! गल्लीच्या कडेच्या गवतातून वर आलेलं चपटं काळं डोकं तिनं पाहिलं मात्र...

“अगं बया! नागोबा! नागोबाच घरला आला की गं!”

क्षणात गल्ली भरली. समोरच्या घरातला माणिकराव काठी घेऊन धावला, आणखी दोघंतिघं धावले. ओढ्याकडून आश्रुबा येत होता. त्यानं गवतातली आपली मरळ ओळखली, वर उगारलेल्या काठ्या पाहिल्या आणि जिवाच्या आकांतानं पळत सुटला.

“थांबा! मरळ! मरळ हाय ती! मरळ!”

धाप एवढी लागली होती, की शेवटच्या ‘ळ’चा पार ‘ल’ झाला. म्हाताऱ्या बायनाबाईला आधीच कमी ऐकू यायचं. तिनं हात वर केले.

“ऐका रं पोरांनो! मारंल तो मरंल म्हनायलाय आश्रुबा! पंचमीचा दिवस हाय, टाका काठ्या!”

काठ्या पटापट खाली पडल्या. तेवढ्यात आश्रुबानं झेप घेऊन मरळ दोन्ही हातांनी उचलली, छातीशी धरली आणि घरात पळाला. गल्ली श्वास रोखून बघत राहिली.

“हातानं उचलला! आन् चावला बी न्हाई!”

पाच मिनिटांत सगळ्या बायका आश्रुबाच्या दारात. पेटीची काच तेलकट, पाणी गढूळ, त्यात नुसतं डोकं दिसतंय. माणिकरावनं नाक काचेला लावलं.

“अगं, मासा हाय हा. मरळ हाय. कालवन लय झ्याक हुतंय हिचं!”

“माणक्या! पंचमीला कालवनाचं नाव काढतुस?” बायनाबाई कडाडली. “देवानं माशाचं रूप घेतलंय, दिसंना का तुला?”

माणिकराव काचेपासून मागं सरला. झुंबरबाईनं दुधाची वाटी पेटीत ओतायला हात पुढं केला.

आश्रुबा आडवा आला. “दूध नगं! दुधानं जीव घुसमटंल तिचा!”

“मग निवेद कसा दावायचा भावजी?”

सगळ्यांनी बायनाबाईकडं पाहिलं. बायनाबाईनं डोळे मिटले, उघडले आणि निवाडा दिला. “देवानं आश्रुबाला धरलंय. आश्रुबानं पिलं की देवाला पावलं!”

आश्रुबाला चौरंगावर बसवलं. कपाळाला हळद-कुंकू माखलं. एकीनं वाटी तोंडाला लावली, दुसरीनं लाह्या भरवल्या, तिसरीनं पुन्हा वाटी. नको म्हणावं तर बायका पेटीकडं वळायच्या! मरळीचा जीव वाचवायचा म्हणून बिचारा पीत राहिला. म्हशीचं, गाईचं, शेळीचं, सगळं कच्चं! पोट नगाऱ्यासारखं झालं तरी गल्लीच्या टोकाला आणखी बायका दिसतच होत्या.

इकडं संध्याकाळची एसटी आली. छबूबाई आपला भाऊ व्यंकटी याच्यासोबत उतरली, तोच किशनराव हॉटेलातून ओरडला, “छबूबाई, बिगीनं घरी जावा! आश्रुबाला नागोबानं धरलंय!”

धरलंय! छबूबाईच्या हातातलं गाठोडं गळून पडलं. “धनी! अवो धनी!” करत ती चपला सोडून पळत सुटली. मागं व्यंकटी, “दाजी! दाजी!” करत. गर्दीतून वाट काढत ती आत आली. बघते तर नवरा चौरंगावर, मळवट भरलेला, दुधाच्या पांढऱ्या मिशा आणि मिशांना चिकटलेल्या लाह्या!

“कुठं चावलं? कुठं?” ती त्याचे पाय चाचपायला लागली.

“चावलं न्हाई गं. उलट म्याच पितोय सकाळधरनं... म्हंजे दुपारधरनं.” आश्रुबानं पेटीकडं बोट केलं. “तुझ्यासाठी आणली. त्या साहेबाच्या बंगल्यावर तू बघत उभी ऱ्हायचीस ना मासे, तसं.”

छबूबाईनं आधी डोळे पुसले. मग कंबरेवर हात ठेवले.

“मासे? कुणी बघितले मासे? त्या व्हरांड्यात छताला पंखा फिरत व्हता! उन्हातनं आलं की गार वारं लागायचं म्हणून उभी ऱ्हात व्हते मी!”

गल्लीत खसखस पिकली. बायनाबाईनंही पदर तोंडाला लावला. बायका वाट्या सावरत वारुळाकडं निघून गेल्या. आश्रुबा खाली मान घालून बसून राहिला.

छबूबाईनं पदरानं काच पुसली. आतून शेंदरी डोळे तिच्याकडं रोखून बघत होते. मरळ वर आली, पुक् केलं, खाली गेली. छबूबाई दचकली आणि फिस्सकन हसली. मग तिथंच फतकल मारून बसली.

“अवो, परत यायलीय वर! बगा, बगा! लय मिजासखोर हाय की ही!” पुढं जरा हळूच म्हणाली, “एवढं ओढ्यात उतरलात, माझ्यापायी?”

आश्रुबानं मान वर केली. तेच समाधान, तेच तोंड! पंखा नसतानाही! त्यानं काहीतरी गोड बोलावं म्हणून तोंड उघडलं आणि नुसता दुधाचा ढेकर आला.

“बिचारीला घरी सोडून येऊ सकाळी,” छबूबाई म्हणाली. “हितं एकटी करमायचं न्हाई तिला.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं ओढ्याकडं निघाली. छबूबाईच्या कडेवर घागर, घागरीत मरळ. आश्रुबाच्या हातात टमरेल. बायनाबाई ओट्यावरून बघतच राहिली आणि तिनं भक्तिभावानं हात जोडले. कारण देवाला पोचवायला निघालेला आश्रुबा बायकोला, घागरीला आणि देवाला मागं टाकून ओढ्याच्या दिशेनं वाऱ्याच्या वेगानं पळत होता!