चंपीची मान

आमच्या शेजारचा परशुअण्णा माणसाची तब्येत मानेवरून ठरवायचा. "बरे आहात ना?" असं साधं विचारेल तर शपथ! "मान वळते काय?" हाच त्याचा रामराम. आमच्या ह्यांच्या मानेला पट्टा बसला, तेव्हा हा गुळाचा खडा घेऊन भेटायला आला. खडा ह्यांच्या खांद्यामागं धरून म्हणाला, "वकीलसाहेब, वळून खावा बघू!" हे वळायला गेले आणि कळवळले. "म्हातारे झाला तुम्ही," म्हणून अण्णानं खडा स्वतःच्याच तोंडात टाकला.

धारवाड स्टेशनावर त्याचा टांगा होता. नव्वद सालानंतर रिक्षा वाढल्या आणि टांगा मोडीत गेला. घोडी तेवढी त्यानं ठेवली, चंपी. रोज सकाळी तो तिच्या मागच्या पुठ्ठ्यापाशी गूळ धरायचा आणि ती मान वळवून उचलायची. मग हा कुंपणावरून ओरडायचा, "नोड्री, बघा अक्का, तरणी आहे अजून!"

मुलगा सारखा मागं लागलेला, घोडी कलघटगी गावात कुणाला तरी देऊन टाकू म्हणून. वैतागून अण्णा एकदा बोलून गेला, "तिची मान वळायची थांबली की ने." झालं! तेव्हापासून गूळ पुठ्ठ्यावरून बरगडीपाशी आला, पुढं खांद्यापाशी.

"अण्णा, लबाडी करताय."

"माझा हात आखूड झालाय, अक्का."

एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते. अण्णा फाटकातून आत आला आणि त्यानं हाक मारली, "चंपे!" गव्हाणीकडं तोंड करून उभ्या चंपीचे कान हलले. मान काही वळली नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. मान तशीच. अण्णाचा चेहरा बघवेना.

"अहो, फाटकाकडं तोंड करून बांधा की तिला," मी म्हटलं. "वळायची कटकटच नको."

"तसं नव्हं, अक्का. मी घरात आलो की मान वळवून बघणारी ही एकटी होती. समोर बांधली तर काय, दिसतोय म्हणून बघेल."



पण दिला शब्द त्यानं पाळला. घराच्या उंबऱ्यापाशी जाऊन मुलाला म्हणाला, "घोडी ने रे, बाळा."

मुलगा टीव्हीपुढं बसला होता. "हं," म्हणाला. त्यानं वळून काही बघितलं नाही.