दार बंद राहण्याचे वर्तन

दुपारी तीनला दहा कमी असताना सासूबाई गाडीत अडकल्या. गाडी इमारतीच्या आवारात उन्हात उभी होती. विजेवर चालणारी, जावयाला कंपनीकडून सवलतीत मिळालेली. दाताच्या डॉक्टरकडे जायचे म्हणून त्या मागच्या सीटवर बसल्या, दार ओढून घेतले, आणि लेक फाइल आणायला वर गेली. ती खाली आली तेव्हा गाडीतले सगळे दिवे विझलेले, काचा बंद, आणि दार काही केल्या उघडेना.

"अहो, लवकर या! आई अडकलीये!"

जावई धावत आला खरा, पण हातातला फोन काही सुटला नाही. तो त्याच मोटार कंपनीत दारे तपासायच्या कामावर होता. सतरा वर्षे दारे उघडमीट करून कुणाच्या घरी गेला तरी आधी बिजागरी बघायचा. बोनसऐवजी कंपनीने त्याला शेअर दिले होते. ते विकायची मुभा तिमाहीत चारच दिवस, आणि आज चौथा. साडेतीनला बाजार बंद. इकडे घरमालकाने राहते घर विकायला काढलेले. शेअर चारशेला विकले गेले तर घर यांचे, नाहीतर महिनाअखेर सामान ट्रकमध्ये. हिशेब इतका काठोकाठ, की त्याने विक्रीही चारशेलाच लावून ठेवली होती. भाव होता तीनशे शहाण्णव.

"तुम्ही दारंच तपासता ना? मग उघडा की!" बायको ओरडली.

"कंपनीचा माणूस बोलावलाय. निघालाय तो. दहा मिनिटं."

कुणालाही बोलावलेले नव्हते. गरजच नव्हती. दिवे आणि कुलपे चालवणारी छोटी बॅटरी बसली की या गाडीचे दार आतून उघडत नाही आणि बाहेरूनही नाही, हे त्यानेच चार महिन्यांपूर्वी लिहून दिले होते. साहेबांनी कागद परत पाठवला. कंपनीत 'दोष' हा शब्द लिहायचा नाही असा दंडक. मग त्याने लिहिले, 'काही परिस्थितीत दार बंद राहण्याचे वर्तन दाखवते.' साहेब खूश झाले. मागच्या दाराच्या खणात रबरी चटईखाली एक तार असते, ती ओढली की दार उघडते. पुस्तिकेत मात्र ते छापले नाही, गिऱ्हाईक घाबरेल म्हणून.

आणि गिऱ्हाईक घाबरले की काय होते, ते दोन महिन्यांपूर्वी सगळ्यांनी पाहिले होते. कुठल्याशा चौकात कंपनीच्या गाडीतून धूर निघतोय असा व्हिडिओ फिरला आणि दोन दिवसांत शेअर शंभराने आपटला. धूर शेजारच्या हातगाडीवरच्या शेगडीचा होता, हे नंतर कळले. कळून काय उपयोग? पडायला दोन दिवस लागले, चढायला दोन महिने.

तेवढ्यात तळमजल्यावरचा शिंपी हातोडा घेऊन आला. भला माणूस. "सरका, काच फोडतो."

"थांबा!" जावई आडवा आला. "रस्त्यावरून सगळं दिसतंय. कुणी व्हिडिओ काढला तर?"

शिंप्याचा हात वरच राहिला. याच्याच शब्दावर त्याने नव्या मशीनचे पैसे त्या शेअरमध्ये घातले होते.

"किती झालाय?" त्याने हळूच विचारले.

"सत्त्याण्णव. चढतोय."

"नाही म्हणजे, काच पण महागाची असेल," शिंपी म्हणाला आणि त्याने हातोडा खाली ठेवला.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका उतरल्या. "लाज वाटत नाही? आत म्हातारं माणूस शिजतंय आणि तुम्ही गप्पा मारताय!" जावयाने त्यांना बाजूला घेऊन दोन वाक्ये सांगितली. बाईंची निम्मी ग्रॅच्युइटी त्याच शेअरमध्ये होती. त्या परत आल्या आणि काचेशी तोंड नेऊन म्हणाल्या, "घाबरायचं नाही हं. माझ्याबरोबर श्वास घ्या. आत... बाहेर..."

शिंप्याने दुकानातून पडद्याचे कापड आणून गाडीवर टाकले. "सावली होईल त्यांना." सगळ्यांनी माना डोलावल्या. रस्त्यावरून आता काहीच दिसत नव्हते, हे कुणी बोलले नाही. बोलायला एक फट तेवढी ठेवली होती.

तीन वाजून अठरा मिनिटे. तीनशे नव्व्याण्णव. आतून काचेवर टकटक होत होती ती थांबली.

"आई? अगं आई!" फटीतून बघून बायकोने हातोडा उचलला. "मरू दे तुमचा माणूस!"

नेमका तेव्हाच फोन वाजला. शेअर विकले गेले. जावयाने कापडाखाली मुंडी घातली आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "आई, दाराच्या खणातली चटई उचला! खाली तार आहे, ती ओढा!"

दार उघडले. तीन सेकंदही लागले नाहीत. घामाने निथळलेल्या सासूबाई लेकीच्या खांद्यावर कोसळल्या.

शिंपी तारेकडे बघत राहिला. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

जावयाने फोन खिशात टाकला. शिंपी आणि बाई क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले, मग दोघांनीही घाईघाईने आपापले फोन काढले. बाजार बंद व्हायच्या आत त्यांनी सगळे मिळेल त्या भावाला फुंकून टाकले. दुसऱ्या दिवशी काहीच झाले नाही. कुणी व्हिडिओ काढलाच नव्हता. शेअर चारशे तीसवर गेला. शिंप्याने जावयाशी बोलणे टाकले, बाईंनीही टाकले. सासूबाईंचा विषय दोघांपैकी कुणीही काढला नाही. बायको बोलायची, पण कामापुरते. आमटीत मीठ कमी आहे का, एवढेच.

घराचे कागद झाले त्या संध्याकाळी तो सासूबाईंच्या खोलीत गेला. त्या अजून अंथरुणातच होत्या.

"आई, घर आपलं झालं."

"बरं झालं हो," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी काचेतून मी तुमच्याकडेच बघत होते. तुमचा फोन सारखा चाललेला. म्हटलं, माझ्यापायी किती जणांना विनवतोय बिचारा. म्हणून मग मी ठोकायचं थांबवलं. आधीच घाबरलेला माणूस, त्याला आणखी कशाला घोर लावायचा?"