सालामांकाच्या चौकात देवधर

देवधर लिफ्टमध्ये शिरण्यापूर्वी आतल्या माणसांना त्यांची वजनं विचारत. शारजात आम्ही एकाच मजल्यावर राहत होतो. ते दुबईत बांधकामाच्या साइटवर सेफ्टी ऑफिसर होते आणि घरी आल्यावरही ड्यूटीवरच असत. त्यांच्याकडे जेवायला गेलेल्या पाहुण्याला आग लागल्यास कुठून पळायचं ते आधी सांगितलं जाई, पाणी नंतर मिळे. कुठेही निघताना त्यांची घोषणा ठरलेली: "आधी नियम, मग यल्ला!"

२००१ साली त्यांच्या मुग्धाची बारावीची परीक्षा झाली. जूनमध्ये ती कॉलेजसाठी पुण्याला जाणार होती आणि तिच्याबरोबर सुधावहिनीही. देवधर मागे एकटे राहणार होते. त्यांना चहापलीकडे काही करता येत नसे. विचारलं की म्हणत, "मॅनेज करू." घरातही ते याहून जास्त बोलले नव्हते, असं वहिनींनी माझ्या बायकोला सांगितलं होतं.

जाण्याआधी एक सहल म्हणून आमची दोन्ही कुटुंबं स्पेनला गेली. सालामांकाचा जुना चौक आम्ही संध्याकाळी पाहिला. चारही बाजूंना सोनेरी दगडाच्या इमारती, खाली कमानींची रांग, कमानींच्या मधे राजांचे कोरलेले चेहरे. देवधरांनी आधी बाहेर पडायच्या वाटा मोजल्या. "उत्तम," ते म्हणाले. "चौक झटकन रिकामा होईल."

मग गाइडने सांगितलं, की पूर्वी इथे फेऱ्या मारताना पुरुष एका दिशेने जात आणि बायका उलट्या.

झालं.

"सुधा, तू तिकडून."

"अहो, ते पूर्वी!"

"नियम रद्द झाल्याचं तो कुठे म्हणाला?"

"बाबा, प्लीज! सो एम्बॅरसिंग!" म्हणत मुग्धा आइस्क्रीमच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

वहिनी हसत उलट्या दिशेने निघाल्या. आम्ही दोघं कमानीखाली कॉफी घेत बसलो. एक फेरी पुरी करून ती दोघं आमच्या टेबलापाशी समोरासमोर आली.

"आमटीला आधी फोडणी की डाळ?" देवधरांनी न थांबता विचारलं.

"फोडणी!" वहिनी पुढे गेल्या.

दुसऱ्या फेरीला, "मेथीची देठं घ्यायची का?"

"कोवळी असली तर!"

तिसऱ्या फेरीला, "पांढरे शर्ट वेगळे धुवायचे?"

"इतकी वर्षं काय वाटलं होतं तुम्हाला?"

शेजारच्या टेबलावरचे दोन स्पॅनिश आजोबा खुर्च्या वळवून पुढच्या फेरीची वाट पाहू लागले.

चौथ्या फेरीला देवधर सावकाश आले. "ऑफिसातून आलो की... संध्याकाळी काय करायचं?"

वहिनी दोन पावलं पुढे गेल्या, थांबल्या, मागे वळल्या आणि त्यांच्या शेजारून चालू लागल्या.

"अगं, ही पुरुषांची दिशा."

"असू दे. जरा हळू चाला. गुडघा दुखतोय."