धोंडबाची लोखंडी घडवंची

बसा बाळांनो, नीट मांडी घालून बसा. मी सावकाश सांगतो.

एका जंगलात, गवत कमरेइतकं वाढायचं तिथे, धोंडबा नावाचं अस्वल राहत होतं. सगळ्यांच्या मोडक्या वस्तू ते जोडून द्यायचं. पण त्याची हत्यारं गवतात पसरलेली असायची. पाना हवा, की वाका. हातोडा हवा, की वाका. वाकून वाकून बिचाऱ्याची कंबर धरली.

"हत्यारं ठेवायला एखादी उंच घडवंची करा की," त्याची बायको यसू म्हणाली. "नाहीतर एक दिवस असेच वाकलेले राहाल. मग मला लोकांना सांगावं लागेल, हे नमस्कार करतायत म्हणून."

धोंडबाला पटलं. माणसांनी ओढ्याकाठी टाकलेलं भंगार त्याने गोळा केलं. खाटेचे अँगल, खिडकीचे गज, फाटकाची एक पट्टी. गंज घासून काढला. अंगणात मशीन मांडलं, डोळ्यांपुढे काळी काच धरली आणि वेल्डिंग सुरू केलं. वीज कुठून आली, असं विचारू नका. गोष्टीत वीज जात नाही, एवढं ध्यानात ठेवा.

चार दिवसांत घडवंची उभी राहिली. पान्यांना आकडे, हातोड्याला कडी, कानशींना खण. धोंडबा ताठ उभा राहून काम करू लागला. कंबर दुखायची थांबली. काम करता करता तो गाणंही म्हणू लागला. ते मात्र वाईट होतं.

त्यानंतर पाचव्या दिवशी सिंहाचा कारभारी आला. तो तरस होता.

"वा! महाराजांची सन्मानचिन्हं ठेवायला अशीच हवी होती."

"आणि माझी हत्यारं?"

"गवत आहे की!"

घडवंची गेली. धोंडबा पुन्हा वाकला.

राजवाड्यात समारंभ झाला. 'सर्वांत नम्र राजा' हे स्वतःच स्वतःला दिलेलं चिन्ह सिंहाने घडवंचीवर ठेवलं आणि डरकाळी फोडून भाषण सुरू केलं. घडवंची डुगडुगली. टक, टक, टक. तरसाने प्रजेचे अर्ज घडी करून तिच्या पायाखाली सारले. अर्ज कुणी उघडलेलेच नव्हते, चांगले गुळगुळीत होते. ते घसरले. चिन्ह सिंहाच्या नाकावर पडलं.

धोंडबाला धरून आणलं. त्याने घडवंचीचे पाय पाहिले.

"महाराज, माझं अंगण उताराचं. पाय तिथल्या जमिनीला बेतून जोडले. इथली फरशी सपाट. चूक माझीच."

"बिनकामाचा कारागीर!" सिंह नाक चोळत ओरडला. "घेऊन जा तुझं भंगार! पुन्हा तुझं काम या वाड्यात दिसता कामा नये!"

"जशी आज्ञा," धोंडबा म्हणाला आणि त्याने मान खाली घातली. तोंडावरचं हसू दिसू नये म्हणून.

मग मान मिळाला गेनू साळिंदराला. त्याने पाणसळ लावून, अगदी सरळ घडवंची स्वतःसाठी केली होती. ती वाड्यावर गेली. गेनूला शाल मिळाली. पाठीवर घेताच ती काट्यांनी फाटली.

आठ दिवसांनी गेनू कंबर धरून धोंडबाकडे आला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "धोंडबादादा, एक पाय बोटभर आखूड कसा ठेवायचा, जरा शिकवता का?"

"बस," धोंडबा म्हणाला. "घाईने येत नाही ते. हात तयार व्हावा लागतो."

तात्पर्य: बाळांनो, काम नेहमी मन लावून करा. फक्त ते वाड्यावर नेल्यावर थोडं डुगडुगेल, एवढी काळजी घ्या.