दुसऱ्या टर्बोचा निकाल

"दुसरा टर्बो काढून टाकतोय," पोह्यांवर शेव भुरभुरत प्रतीकने जाहीर केलं, आणि अच्युतरावांनी चहाचा कप बशीत आपटला.

भोपाळच्या त्या घरात महिनाभर हेच चाललं होतं. पोर्चमधली लाल, बुटकी जपानी स्पोर्ट्स कार प्रतीकने एका हौशी माणसाकडून जुनी घेतली होती. तिच्या इंजिनात हवा कोंबायला दोन टर्बो होते. पहिला गाडी निघताच कामाला लागायचा आणि दुसरा वेग वाढला की मागून येऊन मिळायचा. दोघांची वेळ जुळवायला बॉनेटखाली रबरी नळ्यांचं एवढं जंजाळ होतं, की फाटलेली एक नळी सापडेपर्यंत दुसरी फाटायची.

"एकावर भागतं, बाबा. नळ्या कमी, कटकट कमी. सिंपल!"

"ज्यांनी दोन बसवले ते काय वेडे होते?" अच्युतराव कडाडले. गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात टर्बाइनं बनवण्यात त्यांची हयात गेली होती. "तुला नळ्या समजत नाहीत म्हणून गाडीचा अवयव कापायचा?"

"दोन्ही काढा आणि वर गाडीही काढा," प्रतीकच्या आई, रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "मला पापड वाळत घालायला पोर्च हवाय."

शेवटी सूनबाईंनी, म्हणजे शमिकाने, तोडगा काढला. "मला श्यामला हिल्सच्या चढावर न्या. दुसरा टर्बो आलेला मला जाणवला तर ठेवायचा, नाही जाणवला तर काढायचा. नंतर या विषयावर घरात चकार शब्द नको."

दोघांनी मान डोलावली. रविवारी सकाळी प्रतीक "ऑइल चेक करतो" म्हणून बाहेर गेला आणि दुसऱ्या टर्बोला जागं करणारी नळीच त्याने हळूच उपटून ठेवली. आता शमिकाला काय जाणवणार, कप्पाळ! तो आंघोळीला गेल्यावर अच्युतराव "काच पुसतो" म्हणून बाहेर आले. पहिल्या टर्बोकडून हवा नेणाऱ्या पाइपचा पट्टा त्यांनी चांगला सैल केला. पहिला मरगळलेला असला, की दुसऱ्याचा जोर सूनबाईंना हमखास कळेल, असा त्यांचा हिशेब.

चढ सुरू झाला. शमिका पुढे बसली होती, अच्युतराव मागच्या नावापुरत्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून. प्रतीकने अॅक्सिलरेटरवर पाय दाबला. गाडीने एक दीर्घ सुस्कारा सोडला, मागून काळा धूर काढला आणि ती रांगू लागली.

"आला का?" अच्युतरावांनी आशेने विचारलं.

"आली," शमिका म्हणाली. "रिक्षा. ओव्हरटेक करून गेलीपण."

पाठोपाठ गॅस सिलिंडर लादलेली मोपेडही पुढे गेली. प्रतीकला घाम फुटला. आपण तर दुसराच बंद केला होता, मग पहिल्याला काय धाड भरली? अच्युतरावांनाही कळेना, पहिलाच अधू केला, तर दुसरा मेला कुठे? पण विचारायची सोय दोघांनाही नव्हती.

कसाबसा चढ संपवून ते खाली मोठ्या तळ्याकाठच्या रस्त्यावर आले, तर समोर दिवसाच्या लग्नाची वरात. बँड थांबला होता. फटाक्यांनी बिथरलेली घोडी रस्त्याच्या मधोमध हटून बसली होती आणि नवरदेव फेटा सांभाळत खाली उभा होता. गुलाबी फेटेवाला त्याचा मामा या गाडीकडे धावत आला.

"भाईसाब, भगवान ने भेजा है आपको! बस उस मैरिज गार्डन तक. दूल्हे को बिठा लो!"

"अहो, पण ही गाडी…" प्रतीक म्हणेपर्यंत शमिका उतरलीसुद्धा. नवरदेव तिच्या जागी बसला. अच्युतरावांना दोघा वऱ्हाड्यांनी ओढून बाहेर काढलं, डोक्यावर फेटा चढवला आणि गर्दी हटवायला पुढे उभं केलं. बँड पुन्हा सुरू झाला.

आणि गाडी चालली, ती काय थाटात! ना धक्का, ना गुरगुर. नवरदेवाच्या नाचणाऱ्या आत्याबाईंच्या पावलाला पाऊल लावून. एरवी अशा गर्दीत ती हिसके मारून चारदा बंद पडली असती; आज हिसका मारण्याइतका जोरच तिच्यात उरला नव्हता.

"गाडियाँ बहुत देखीं," मामा गहिवरून म्हणाला, "पर इतनी तमीज से चलने वाली नहीं देखी!"

मांडवात आग्रहाने जेवायला बसवलं. दालबाफले पानात पडल्यावर अच्युतरावांना राहवेना.

"प्रतीक, पहिल्याच्या पाइपचा पट्टा मी सैल केला होता."

प्रतीकचा घास हातातच राहिला. "आणि मी दुसऱ्याची नळी काढली होती."

दोघं असे हसले, की वाढपी तूप वाढायचं विसरला.

"तुझी गाडी आहे. काढ तो दुसरा," अच्युतराव डोळे पुसत म्हणाले. "उगाच हट्ट धरला मी."

"छे, तुम्ही म्हणता ते बरोबर. दोन्ही ठेवू."

"अरे, काढ म्हणतो ना!"

"नाही काढणार! ज्यांनी बसवले ते काय वेडे होते?"

"नळ्यांचं जंजाळ कोण निस्तरणार? तुझा बाप?"

आजूबाजूच्या पंगती वळून बघू लागल्या. शमिकाने दोघांनाही दंडाला धरून उठवलं. "आधी बाहेर चला. जे काढलंय ते लावा, आणि घरी."

ते गाडीपाशी आले. बॉनेटवर झेंडूच्या माळांची जाळी घट्ट बांधलेली होती. मागच्या काचेवर वधूवरांची नावं चिकटली होती. मामा हात जोडून पुढे आला.

"अंकलजी, दुल्हन ने खिड़की से देख लिया. बोली, विदाई इसी में होगी. शाम तक रुक जाइए. बस एक विनती है, इसमें कुछ छेड़ना मत. ऐसी ही चलनी चाहिए."

अच्युतरावांनी प्रतीककडे पाहिलं. प्रतीकने अच्युतरावांकडे पाहिलं.

"जी," दोघं एका सुरात म्हणाले.