वळू वर्गातली जीप

नरसिंग बिरादारच्या जीपला देवणीच्या गाड्यांच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. हे वाक्य वाचकांनी आता विसरून जावं. नरसिंगनं ते विसरायचं ठरवलेलंच आहे. कुणी विषय काढला तर तो उठून दुसऱ्या खोलीत जातो; घरात दुसरी खोली एकच असल्यामुळं कुठं गेला ते सगळ्यांना कळतं, पण विषय थांबतो. तेव्हा आपणही असं धरून चालू, की अजून काहीच घडलेलं नाही, शनिवारची दुपार आहे आणि जीप पत्र्याच्या शेडात, जिथं ती कित्येक वर्षं उभी आहे, तिथंच उभी आहे.

घराला शेड एकच होतं आणि थ्री फेजचं कनेक्शन त्या शेडातच होतं. नरसिंगच्या बायकोचं, गीतांजलीचं, मिरची कांडप यंत्र मुदखेडला तिच्या भावाच्या ओसरीत पडून होतं आणि भावजय त्यावर ओले कपडे वाळत घालत होती. गावात कांडप नव्हतं. बाया पोत्यानं मिरची घेऊन उदगीर गाठायच्या. यंत्र आलं की गिऱ्हाईक दारात येणार, हे गीतांजलीला स्पष्ट दिसत होतं. मधे फक्त जीप उभी होती.

जीप हलत नव्हती याला दोन कारणं. एक म्हणजे तिच्या इंजिननं मागेच मान टाकली होती. दुसरं म्हणजे तिच्यात सासरे बसलेले असत.

सासरे, म्हणजे ग्यानोबा, यांनी उमेदीच्या काळात याच जीपमधून देवणी-उदगीर सवाऱ्या वाहिल्या. आत किती माणसं बसत हे कुणालाच कधी कळलं नाही, कारण मोजणाऱ्याला आत जागा नसायची. आता ते रोज अंघोळ करून जीपमध्ये बसत, पेपर वाचत आणि उतरताना दार हळूच लावत. जीप पांढरी होती, बॉनेट तेवढं काळं. मूळचं एका बाभळीला धडकून गेलं तेव्हा नायगावच्या भंगारातून हे आणून बसवलेलं.

नरसिंग कॉलेजात कनिष्ठ लिपिक होता. त्याच्या आयुष्यात निर्णय हा प्रकार नव्हता, आवक-जावक होती. बायकोचं म्हणणं आवक करायचं, बापाकडं जावक करायचं. त्यात तो थकून गेला होता.

"आबा, सोमवारी भंगारवाला यायलाय," तो जीपच्या खिडकीशी उभा राहून म्हणाला.

"येऊ दे. च्या पाज त्याला."

"जीप न्यायला यायलाय."

ग्यानोबांनी पेपरची घडी घातली. "उद्या देवणीला गाड्यायचं प्रदर्शन हाय. तिथं हिला एकबी बक्षीस भेटलं न्हाई, तर खुशाल दे. मी आडवा यायचो न्हाई."

"आन भेटलं तर, मामा?" गीतांजलीनं दारातून विचारलं.

"भेटलं तर हिचं नाव काढायचं न्हाई. तुझं यंत्र राहू दे मुदखेडातच."

गीतांजलीनं जीपकडं एकदा नीट बघून घेतलं आणि लगेच म्हणाली, "जमलं."

रात्रीचा स्वयंपाक करताना तिनं नवऱ्याला समजावून सांगितलं. "आवं, सोपं हाय. जिथं हारायची ग्यारंटी हाय, असल्या वर्गात नाव घाला."

"मागं आबानं कडबा कोंबून ठिवलाय. त्यो तरी काढू का?"

"हात लावू नका. हाय तशीच न्या. धुवूबी नका."

आता या प्रदर्शनाविषयी थोडं सांगायला हवं. देवणीच्या त्या समितीनं आजवर फक्त जनावरांची प्रदर्शनं भरवली होती. यंदा जनावरांच्या साथीमुळं परवानगी मिळाली नाही, पण मंडप सांगून झाला होता, फेटे आले होते, पंच कबूल झाले होते. मग सगळ्यांनी बसून ठराव केला की जनावरांऐवजी गाड्या बोलवाव्यात आणि बाकी काही बदलू नये. बॅनरवर तेवढा बदल केला. नियमांकडं कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण नियम सगळ्यांना पाठ होते.

रविवारी सकाळी शेजारच्या बालाजीच्या ट्रॅक्टरमागं बांधून जीप देवणीला पोचली. ग्यानोबा स्टिअरिंगवर, फेटा बांधून; नरसिंग आणि गीतांजली ट्रॅक्टरवर. नोंदणीच्या टेबलावर संगप्पा बसले होते. जनावरांच्या बाजारात दात बघण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"कोणत्या वर्गात घालायची?" संगप्पांनी विचारलं.

"वर्ग कोणकोणते हायेत?"

"आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेली, दुभती आन वळू."

आपण दमलो आहोत म्हणून असं ऐकू आलं असावं, असं नरसिंगला वाटलं. मग त्यानं फलक बघितला. फलकावरही तेच होतं.

"आदतमधी काय हाय?"

"आदत म्हंजी दात न आलेलं वासरू. नव्याकोऱ्या गाड्या. लई हायेत."

"तिथंच घाला मग."

संगप्पा उठले, जीपच्या पुढच्या टायरवरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "आवो, दात पार झिजलेत. आदत कुठली. ही सगळे दात जुळून म्हातारी झाली. जुळलेलीत घालतो."

"जुळलेलीत किती हायेत?"

"दोन. तुमची तिसरी. बक्षिसंबी तीनच."

नरसिंगनं नोंदणीच्या कागदावर हात ठेवला. "नको, नको. दुसरं बगा."

तेवढ्यात संगप्पांची नजर जीपच्या पोटाखाली गेली. काळ्या तेलाचा थेंब पडला, थोडं थांबून आणखी एक पडला. संगप्पांचा चेहरा उजळला. "आरं, ही तर दुभती हाय. दुभतीत एकबी नोंद न्हाई. बादली लावू का खाली?"

"बादली लावू नका," नरसिंग घाईनं म्हणाला. "वळूत काय हाय?"

"वळूत मोठ्या गाड्या. ह्या अशा उंच. गुत्तेदारायच्या, पुढाऱ्यायच्या. तिथं तुमचं काय चालनार?"

"वळूत घाला."

"बगा बरं."

"बगितलं. वळूतच घाला."

मागून ग्यानोबांनी लेकाच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. "माझ्या मनात तेच होतं," ते म्हणाले. "तुला कधी बोललो न्हाई." नरसिंगला बऱ्याच वर्षांत बापानं असा हात लावला नव्हता. त्यानं मान खाली घातली आणि गीतांजलीकडं बघायचं टाळलं.

वळू वर्गाचे पंच वैजनाथअप्पा होते. देवणी जातीचा वळू डोळे झाकून पाठीवर हात फिरवून ओळखणारा माणूस. गाडी त्यांनी कधी चालवली नव्हती. प्रदर्शनालाही एसटीनं आले होते. मैदानात उंच, चकचकीत गाड्या ओळीनं उभ्या होत्या आणि ओळीच्या टोकाला जीप. तिच्या मागच्या काचेतून कडब्याची ताटं बाहेर आली होती.

अप्पांनी आधी स्वभाव बघितला. हातातल्या काठीनं पहिल्या गाडीच्या पुठ्ठ्यावर हलकेच टोचलं. गाडीनं डोळे मिचकावून जो आरडाओरडा सुरू केला तो मालकाला चावी सापडेपर्यंत थांबला नाही.

"मारका," अप्पा म्हणाले आणि पुढं गेले.

दुसरी ओरडली. तिसरी ओरडली. चौथीनं तर काठी लागायच्या आधीच सुरुवात केली. "हे तर निस्तं सावलीला बुजतंय," अप्पा म्हणाले. जीपला त्यांनी टोचलं, ठोकलं, शेवटी वाकून कानाशी टाळी वाजवली. जीप काही बोलली नाही.

"गरीब हाय," अप्पा म्हणाले.

"अप्पा, ती बंद हाय," नरसिंग म्हणाला.

"शांत हाय म्हन."

मग जीपखेरीज एकच गाडी स्पर्धेत उरली. ती विजेवर चालणारी होती आणि तिचा भोंगा बिघडलेला होता. अप्पांनी तिच्या मालकाला विचारलं, "खातंय काय हे?"

"करंट खाते, अप्पा. पेट्रोल नाही, डिझेल नाही, काहीच लागत नाही."

"वैरण?"

"नाही."

"वैरण न खानारं जनावर मी पास करत न्हाई." अप्पा जीपकडं वळले, मागच्या खिडकीतला कडबा ओढून हातावर चोळून बघितला. "हिला खाऊपिऊ घालनारा मालक हाय."

नरसिंगनं शेवटचा प्रयत्न केला. "अप्पा, खरं सांगू का? हिचं बॉनेट तिचं न्हाई. भंगारातनं आनलंय. म्हनून त्वांड काळं आन आंग पांढरं."

अप्पा दोन पावलं मागं सरले. काठी बगलेत धरली. बराच वेळ जीपकडं बघत राहिले. "त्वांड काळं, आंग पांढरं," ते हळूच म्हणाले. "लेका, ह्याला वानेरा म्हनत्यात. देवणीतली आसल जात. बाकीच्यायचा निस्ता एकरंगी कारभार."

गुलाल पडला. ग्यानोबांनी जीपच्या काळ्या बॉनेटवर डोकं टेकवलं. कुणीतरी नरसिंगला फेटा बांधला, तो डोळ्यांवर आला आणि त्यानं तो तसाच राहू दिला. गीतांजली मंडपाच्या खांबाला टेकून उभी होती. ती रडत नव्हती, रागावलीही नव्हती. मुदखेडच्या ओसरीत आणखी किती ओले कपडे वाळतील याचा अंदाज घेत असावी.

संगप्पांनी माइक हातात घेऊन वळू वर्गाच्या अटी वाचल्या. दरवर्षी वाचत तशाच. "विजेता वळू सालभर विकायचा न्हाई. कसायाला द्यायचा न्हाई. रात्री निवाऱ्यात ठिवायचा. दिवसा मोकळ्या हवेत झाडाखाली बांधायचा. समिती कधीबी येऊन तपासनार."

गीतांजली खांबापासून सरळ झाली. "संगप्पाकाका, ते दिवसाचं परत वाचा बरं."

"दिवसा मोकळ्या हवेत. सूर्य उगवल्यापास्नं मावळेपर्यंत शेडात ठिवायचा न्हाई, बाई. खरूज व्हती."

ती ग्यानोबांकडं वळली. डोक्यावरचा पदर सारखा केला. "मामा, नियम पाळावा लागंल की."

"न पाळून कसं," ग्यानोबा अभिमानानं म्हणाले. "आता साधी हाय का ती?"

सोमवारी भंगारवाला आला, चहा पिऊन गेला. दिवसा शेड रिकामंच राहणार म्हटल्यावर ग्यानोबाही आडवे आले नाहीत; भंगारवाल्याच्याच टेम्पोनं मुदखेडहून यंत्र आलं आणि शेडाच्या भिंतीला बसलं. आता रोज उजाडताना नरसिंग जीप ढकलत लिंबाखाली नेतो आणि दिवस मावळताना ढकलत आत आणतो. शेडाच्या तोंडाशी चढ आहे. ग्यानोबा स्टिअरिंगवर बसून "जोर लाव रं" म्हणतात. दिवसभर शेडात तिखट कुटलं जातं, बायांची रांग रस्त्यापर्यंत जाते, गीतांजलीला जेवायला फुरसत नसते. नरसिंग शेडातलं तिखट अंगावर घेऊन कॉलेजात शिंकत बसतो. एकदा त्यानं कंटाळून जीप रात्रभर बाहेर ठेवली, तर सकाळी संगप्पा दारात हजर. जीपला दावं नाही याबद्दल वेगळा शेरा मारून गेले.

त्या दिवशी नरसिंगनं, लिपिक असल्यामुळं, जे त्याला येत होतं ते केलं. त्यानं समितीच्या अध्यक्षांना अर्ज लिहिला:

"उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराचा वळू जातिवंत असून स्वभावाने गरीब आहे. तथापि तो स्वतःच्या पायांनी चालत नाही. त्यास रोज सकाळी बाहेर काढणे व सायंकाळी आत घालणे हे काम अर्जदार एकटा करीत असून त्यामुळे अर्जदार दिवसेंदिवस खंगत चालला आहे. वळू बक्षीसप्राप्त असल्याने तो विकता, मोडता अथवा टाकून देता येत नाही. अर्जदाराच्या बाबतीत असा कोणताही नियम नाही, याची अर्जदारास जाणीव आहे. तरी सदर वळू ओढण्याकामी समितीने एक बैलजोडी, वैरण व गड्यासह, सालभराकरिता मंजूर करून अर्जदाराच्या दारी पोच करावी, ही नम्र विनंती."