एकाच बोटीवर तीन ठिकाणी

भाटकर आबांची बोट दुसऱ्या महायुद्धात बुडाली, तेव्हा आबा तिच्यावर एकाच वेळी तीन ठिकाणी होते.

सोमवारी ते तळाशी भट्टीत कोळसा टाकत असत. बुधवारी भटारखान्यात साहेबाच्या चहाचं आधण ठेवत असत. आणि शनिवारी तर अख्ख्या बोटीचं सुकाणू त्यांच्याच हातात. टॉर्पेडो मात्र तिन्ही वेळा एकच आणि बोटीच्या डाव्या अंगालाच बसलेला. "टोला बसला तेवा मी..." अशी सुरुवात झाली की रत्नागिरीतल्या आमच्या आळीच्या हॉटेलात बाकं सरकत आणि हॉटेलवाला बंडू हमखास विचारी, "आबा, आज ड्यूटी कुठं? भट्टीवर की भटारखान्यात?"

"गप ऱ्हव मेल्या. चाय टाक."

आबा सैनिक नव्हते, मालबोटीवरचे खलाशी होते. पंधरा ऑगस्टला शाळेत खुर्च्या मांडायच्या त्या पलटणीतल्यांसाठी. बोटीवरच्यांना कोण विचारतो? आबांचं त्यावर एकच म्हणणं होतं, "टॉर्पेडोला वर्दी दिसत नाय."

साठी उलटली तरी अंग सुक्या सुरमाईसारखं टणक. चालताना पाय फाकवून चालत, जणू आत्ता रस्ता एका बाजूला कलंडेल. घरात ट्रंक खिडकीच्या गजाला दोरीनं बांधलेली. मी एकदा हसलो तर म्हणाले, "हस. घर हाललां की तुझी कपाटां आधी पडतील." पाण्याचं तर त्यांना वेडच. कुणी पेल्यात घोटभर पाणी टाकून उठला की ते उचलून आबा पिऊन टाकत. आमच्या हिला ते किळसवाणं वाटे. "काकी, अकरा दिवस होडीत बसा, मग नाक मुरडा," असं तिला तोंडावर सांगत.

गोष्ट सांगण्याची त्यांची तऱ्हाही निराळी. भट्टीच्या दिवशी कप डाव्या हातात धरत आणि डोळे बारीक करत. भटारखान्याच्या दिवशी दर वाक्याला एक शिवी. सुकाणूच्या दिवशी असे सावकाश बोलत की चहा गार होई. शब्द मात्र दरवेळी तेच, एकही इकडचा तिकडे नाही. आम्ही म्हणायचो, काय नाटकी माणूस आहे!

मी तेव्हा हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. कबूल करतो, क्रमिक पुस्तकातल्या कुठल्याही लढाईपेक्षा मला आबांची बोट जास्त खरी वाटे. म्हणूनच शाळेच्या वार्षिक अंकात त्यांच्या आठवणी छापायचं मी मनावर घेतलं. वही केली. आबा सांगत, मी उतरवत असे. आणि मग, मास्तरकीची खोड, मी रकाने आखले: वार, आबा कुठे होते, काय पाहिलं. रकाने जुळेनात. मला राग आला. आपल्याला फसवलं असं वाटलं. त्यांना घरी जाऊन एकट्याला विचारता आलं असतं. मी तसं केलं नाही.

त्या पंधरा ऑगस्टला माझ्याच आग्रहावरून आबांना पहिल्यांदा खुर्ची मिळाली. इस्त्रीचा सदरा घालून आले होते. त्यांनी सुकाणूची गोष्ट सांगितली. पोरं चित्रासारखी बसली होती. टाळ्या संपल्यावर मी वही घेऊन उभा राहिलो.

"आबा, एक शंका. गेल्या आठवड्यात आपण भट्टीवर होतात, त्याआधी भटारखान्यात. इतिहासाला एक काहीतरी हवं. खरं कुठलं?"

पोरं फिस्सकन हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "जिना चढून गेले असतील, सर!"

आबा हसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, तू वर्गात हजेरी घेतंस ना?"

"घेतो."

"गैरहजर पोराचा 'हजर' दुसऱ्यानं म्हटलां तर काय करतंस?"

"शिक्षा करतो."

"मग बरोबर हाय तुझां," म्हणाले आणि खाली उतरले.

त्यानंतर हॉटेलात ते यायचे, चहा प्यायचे, पण बोट बुडायची बंद झाली. बंडूनं दोनतीनदा खोदून पाहिलं आणि सोडून दिलं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही हेदवीला दशभुजा गणपतीला गेलो. देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या म्हाताऱ्या बाईनं रत्नागिरीचं नाव ऐकून विचारलं, "आमचे भाटकर भाऊ बरे हायत ना? दरसाल गणपती झाले की येतात. यंदा आले नाय."

तिचा नवरा बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होता. परत आला नाही. "भाऊ येतात आणि ह्यांचां सगळां सांगतात," ती म्हणाली. "ह्यांच्याच शिव्या, ह्यांचाच आवाज. वर्षातून एक दिस ह्यांच्याशी बोलल्यासारखां होतां."

माझ्या हातातली फुलांची पुडी तशीच राहिली. "त्यांची तब्येत जरा बरी नव्हती," मी म्हणालो. देवाच्या दारात, आमच्या हिच्या देखत, सरळ खोटं बोललो.

परत आल्यावर आठ दिवस आबांचं दार चुकवून शाळेत गेलो. नवव्या दिवशी गेलो. हेदवीला गेलो होतो म्हटल्यावर त्यांनी मला ट्रंकेवर बसवलं.

"होडीत चौघे होतो," ते म्हणाले. "भट्टीवाला दाभोळचा महमद, डावखुरा. भंडारी हेदवीचा. सुकाणी जयगडचा. झोप लागली की माणूस पाण्यात जाई, म्हणून आळीपाळीनं आपापलां सांगायचे. जाताना एकेकानं शब्द घेतला, माझां सांग, मी सांगितलां तसांच सांग. रोज घोकला नाय तर शब्द घसरतात मास्तर. म्हणून हॉटेलात सांगायचो."

"मग यंदा हेदवीला का नाही गेलात?"

"तू विचारलंस तसां त्या बाईनं विचारलां असतां तर? खोट्याचां तोंड घेऊन तिच्या दारात कसा जाऊ?"

मी माफी मागितली. नीट जमली नाही. त्यांनी फक्त पेला पुढे केला. मी पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो.

पुढच्या रविवारी मीच त्यांना हेदवीला नेलं. बाईच्या ओटीवर बसून आबांनी भंडाऱ्याची गोष्ट सांगितली, शिव्यांसकट. बाई पदर तोंडाला लावून हसत होती आणि रडत होती. एका शिवीला म्हणाली, "मेल्याची जीभ काय सुधारली नाय!" मी वही नेली नव्हती.

परतताना जयगडच्या खाडीत लाँच डुलत होती. आबा कठड्याला हात धरून उभे होते. चार वर्षं त्यांचा शब्द न् शब्द ऐकला, उतरवला, तपासला, आणि एक साधा प्रश्न मला तेव्हा सुचला.

"आबा, बोट बुडाली तेव्हा तुम्ही स्वतः कुठे होतात?"

त्यांनी दचकून पाहिलं. म्हणाले, "कुणी विचारलां नाय आजवर."

मग पाण्याकडे तोंड करून सांगू लागले.

"झोपलेलो. एकोणीस वर्षांचा होतो. ओढून होडीत टाकला तेवा जाग आली. माझ्याकडे सांगण्यासारखां कायच नव्हतां, मास्तर. म्हणून तर तिघांनी मला सांगितलां."